वाचक विचारतात : प्रवाळ-कवकाची हर्बेरियम नोंद

प्रश्न : रामेरियाचा (प्रवाळासारख्या फांद्यांच्या कवकाचा) वाळवलेला नमुना हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाला, पाठवला. सोबत फोटो, तारीख, ठिकाण सगळं दिलं होतं. तरी शेरा आला, 'रामेरिया, प्रजाती अनिश्चित'. कमी काय पडलं?

उत्तर : बहुधा ताज्या रंगांची नोंद आणि बुंधा. पिवळ्या, गुलाबी, नारिंगी रामेरिया वाळल्या की जवळजवळ सारख्याच मळकट तपकिरी दिसतात. म्हणून रंग त्याच दिवशी, शक्यतो जागेवरच टिपा. बुंध्याचा, फांद्यांचा आणि शेंड्यांचा वेगवेगळा. नुसतं 'पिवळा' लिहून भागत नाही, रंगतक्त्यातला क्रमांक द्या. गर्द झाडीखाली काढलेल्या फोटोतल्या रंगावर विसंबू नका. बीजाणू पिकले की फांद्यांवर मातकट पिवळी झाक चढते, तेव्हा कवकाची कोवळी आणि जून अशी दोन्ही फळं (वर दिसणारा फांद्यांचा झुपका) घ्या.

बुंधा वरून कापू नका, चाकूने खालून उकरून अख्खा काढा. बुंध्यातल्या तंतूंच्या आडभिंतींवर क्लॅम्प (दोन पेशींना बाहेरून जोडणारे छोटे वळसे) आहेत की नाहीत, यावर पुष्कळ प्रजाती वेगळ्या पडतात. उकरताना कवक मातीत आहे की गाडलेल्या लाकडावर, हेही कळतं. रामेरिया स्ट्रिक्टा लाकडावरची. 'लाकडावर' हा एक शब्द लेबलवर नसला तर ओळखणारा उगाच भलतीकडे जातो. बुंधा उभा चिरून गर जेलीसारखा आहे की तंतुमय, दाबल्यावर रंग बदलतो का, तेही लिहा.

वाळवताना ४० ते ४५ अंश सेल्सिअस आणि खेळती हवा. फांदी कट्कन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर पाकिटात बुरा येणार. घाईने उष्णता वाढवली तर नमुना शिजतो आणि डीएनए तुटतो. डीएनएसाठी आतल्या गराचा ५ मिलिमीटरचा स्वच्छ तुकडा ताजा असतानाच सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणाऱ्या खड्यांत) ठेवा, वर मूळ नमुन्याचाच संग्रह क्रमांक घाला.

प्रश्न : जुन्या लेबलवर 'क्लॅव्हेरिया बॉट्रायटिस' आहे, आताच्या नावांच्या यादीत 'रामेरिया बॉट्रायटिस'. लेबल दुरुस्त करावं का?

उत्तर : अजिबात नाही. कवकशास्त्रज्ञ पर्सून यांनी १७९७ मध्ये हे कवक क्लॅव्हेरिया म्हणूनच वर्णिलं; त्या काळी फांद्यांची बहुतेक कवकं त्याच प्रजातीसमूहात घालत. नवं नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून शेजारी लावा. त्यावर तारीख, ओळखणाऱ्याचं नाव आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की फक्त नाव बदललं, हे स्पष्ट असू द्या. ही शेवटची गोष्ट सर्वांत जास्त राहून जाते. बॉट्रायटिससारखी लाल शेंड्यांची दुसरीही रामेरिया असते, म्हणून सूक्ष्मदर्शक लागतो. बॉट्रायटिसच्या बीजाणूंवर लांबीच्या दिशेने बारीक रेघा असतात. कॉटन ब्लू या निळ्या रंगद्रव्यात त्या दिसल्या तरच नाव पक्कं करा.

प्रश्न : अक्षांश-रेखांश नंतर नकाशावरून टाकले तर चालतील?

उत्तर : चालतील, पण 'नकाशावरून' असं नमूद करा आणि चूक किती मीटरची असू शकते तेही द्या. पाच दशांश स्थळं लिहिली की वाचणारा सुमारे एक मीटरची अचूकता गृहीत धरतो.