शेजारच्या काकूंना कॅन्सर झालाय. श्रद्धेच्या बळावर त्यांना आधार कसा देऊ?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की काकूंशी ओळख लिफ्टपुरतीच आहे, तुम्ही स्वामींचं करता, त्या काय मानतात ते ठाऊक नाही. त्यांच्यासाठी पारायण करून तीर्थ-अंगारा नेऊन द्यावा का, असं विचारलंय. आणि शेवटी, "मिस्टर म्हणतात, प्रार्थनेनं काय डोंबल होणार आहे?"

पारायण खुशाल करा, तुमच्या घरी. अंगारा घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहू नका. मी एवढंच लिहून थांबणार होते, पण मिस्टरांचं वाक्य वाचलं आणि राहवेना. हेच वाक्य मी माझ्या धाकट्या दिरांकडून इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर तयारच आहे.

आम्ही नगरचे. आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं. सासरी पिढ्यान्‌पिढ्यांची वारी. निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला नगरवरूनच जाते, तेव्हा आमच्या घरून दिंडीला पिठलं-भाकरी जाते. माझ्या गळ्यात माळ आहे. समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या त्या बाई ख्रिस्ती. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळ्या बिल्डिंगच्या बाई. यजमान आधीच गेलेले, मुलगा बंगळूरला. नगरकरांना ख्रिस्ती शेजाराचं अप्रूप नाही, अमेरिकन मराठी मिशन इथं १८३१ पासून आहे. तरी आमचं जाणंयेणं नाताळच्या करंज्या आणि दिवाळीच्या चकल्या यापलीकडे नव्हतं.

बाईंना स्तनाचा कॅन्सर निघाला. केमो पुण्याला. मैत्री प्रार्थनेनं नाही झाली, फ्रीजमुळे झाली. केमोच्या दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन देतात. ते थंड ठेवावं लागतं, पण गोठवून चालत नाही. बाई ते पुण्याहून थर्मासात बर्फाच्या पिशवीसोबत एसटीने घेऊन यायच्या. त्यांचा फ्रीज जुना, मागच्या कप्प्यात दूधसुद्धा गोठायचं. म्हणून एका संध्याकाळी डबी घेऊन माझ्या दारात आल्या. डबीवर शाळेतल्या फळ्यावरच्या वळणाने लिहिलेलं, "औषध आहे. मुलांनी हात लावू नये." माझ्या सासूबाईंनी ती विरजणाच्या भांड्याशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, उद्या नर्स येईल तेव्हा मीच आणून देते. तिथून सुरुवात.

लाल औषधाच्या त्या केमोने (ते खरंच लाल असतं, लघवीलाही एक-दोन दिवस रंग येतो, घाबरायचं नाही) बाईंचं तोंड सोलून निघालं. मऊ भात आणि ताक, तेही कोमट. डोळ्यांतून सारखं पाणी. त्यामुळे रोजचा शास्त्रपाठ, म्हणजे बायबलवाचन, बंद पडला आणि त्याचंच त्यांना केसांपेक्षा जास्त वाईट वाटत होतं. मी म्हटलं, मी वाचून दाखवू का? चालेल का तुमच्याकडे? त्या हसल्या, म्हणाल्या, "तुमच्याकडे चालणार असेल तर."

मग रोज दिवेलागणीला घरी हरिपाठ आटोपून मी समोर जायची. तेविसावं स्तोत्र त्यांच्या आवडीचं, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, ते. मृत्युछायेच्या दरीची ओळ आली की मी घाई करायची, आणि बाई पडल्या पडल्या म्हणायच्या, "परत वाचा. स्वल्पविराम खाल्लात." कधी बोलायचं त्राण असलं तर कवी ना. वा. टिळकांच्या गोष्टी सांगायच्या. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, बरीच वर्षं याच नगरात राहिले, आणि म्हणायचे की तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. त्यांची भजनं चर्चमध्ये अजून अभंगाच्या चालीवर म्हणतात. बाईंनी एक चाल गुणगुणली तर ती आमच्या दिंडीतलीच. मग काय, मी टाळ घेऊन गेले.

हे भाऊजींच्या कानावर गेलं. भाऊजी दिंडीचा हिशेब ठेवतात, माणूस सरळ आहे, पण तिरसट. म्हणाले, "गळ्यात तुळशीची माळ आणि हातात बायबल? उद्या बाटवतील तुला." मी म्हटलं, भेदाभेद भ्रम अमंगळ हे आपण टाळ्या पिटत म्हणतो ते कुणासाठी? आपल्याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला मुसलमान घरातल्या शेख महंमदांची समाधी आहे, त्यांचे अभंग वारकऱ्यांना चालतात, मग माझं काय चुकलं? तर म्हणाले, ते संत होते, तू कोण? यावर मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय. मी शेजारीण होते, भाऊजी.

बाटवाबाटवीचं म्हणाल तर बाईंनी एकदाही मला तुमचा देव सोडा म्हटलं नाही. त्रास दिला तो दोन्हीकडच्या आगंतुकांनी. आमच्या भजनी मंडळातली एक जण भेटायला म्हणून आली आणि त्यांच्या तोंडावर बोलून गेली, "मागच्या जन्मीचं असतं हो, भोगून संपवायचं." दुसरीकडे, बाईंच्या नेहमीच्या चर्चशी संबंध नसलेला एक प्रार्थना-गट कुठूनसा आला. डोक्यावर हात ठेवून तेल लावलं, मोठमोठ्याने प्रार्थना केली आणि जाताना म्हणाले, विश्वास पक्का असेल तर पुढचा डोस घेऊ नका. बाई तेव्हा उशीला टेकून बसल्या होत्या, तोंडात फोड. तरी वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. त्याला प्रभूनं दवाखाना बंद करायला सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही." पुढच्या डोसला मी बरोबर गेले, माळीवाड्याहून पहाटेच्या एसटीने. या दोन्ही जमातींना मी एकाच रांगेत उभं करते. आजारी माणसाला त्याच्याच आजाराचा गुन्हेगार ठरवायचं आणि वर देवाचं नाव घ्यायचं. तुमच्या हातून हे होणार नाही एवढं बघा, बाकी पुष्कळ चालतं.

आता मिस्टरांच्या प्रश्नाकडे येते.

स्तोत्र वाचून झालं की बाई प्रार्थना करायच्या. मराठी ख्रिस्ती घरांत ती पुष्कळदा मोठ्याने आणि आपल्या शब्दांत असते, समोर कुणी बसलंय असं बोलल्यासारखी. दूधवाल्याबद्दल आभार, माझ्या भाताबद्दल आभार (मीठ कमी होतं हेही देवाला सांगायच्या), मुलाच्या नोकरीसाठी मागणं. केमो झाली, ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, केस परत आले, सगळं सुरळीत झालं तरी माझं जाणं सुटलं नव्हतं. पुढच्या वर्षीची गोष्ट. मी नेहमीप्रमाणे विचारलं, काय म्हणते तब्येत? "बरी आहे." मुलाचा फोन आला, त्यालाही "बरी आहे." आणि मग डोळे मिटून प्रार्थनेत म्हणतात काय, "प्रभू, पाठीतली कळ रात्री झोपू देत नाही, आणि आज जिना चढताना पाय माझे नव्हतेच. तुला ठाऊक आहे, मी कुणाला सांगितलं नाही."

माझे डोळे उघडेच होते. आमेन होईपर्यंत थांबले आणि सरळ विचारलं, पायाला मुंग्या येतात का? लघवीला अडतं का? बाई गप्प. मुलाला काळजी नको म्हणून लपवत होत्या, आणि देवाशी खोटं बोलता येत नव्हतं. फाइलवरच्या नंबरवर डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, सकाळची वाट पाहू नका, आत्ताच निघा. रात्रीच गाडी करून पुणे गाठलं. एमआरआय काढला तर आजार मणक्यात उतरलेला आणि मज्जारज्जूवर दाब. लगेच स्टिरॉइड, मग रेडिएशन. अशा दाबात उशीर झाला तर गेलेली ताकद बहुतेक वेळा परत येत नाही, हे तिथं समजावून सांगितलं.

बाई वाचल्या नाहीत. पण त्या रेडिएशननंतर नाताळ आला, तेव्हा काठी घेऊन, पण स्वतःच्या पायांनी, चर्चच्या पायऱ्या चढल्या. पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. शेवटी शेवटी मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या आणि त्या द्यायला त्यांचा मुलगा घाबरायचा, सवय लागेल म्हणून. त्याला डॉक्टरांनी दटावलं ते बरं झालं. दफनाला मी गेले होते, सासूबाईही आल्या. परतल्यावर भाऊजी म्हणाले, "एवढ्या प्रार्थना केल्यात, काय उपयोग झाला?"

उपयोग हा झाला की मी रोज त्या खोलीत होते. नुसती माणुसकी म्हणून गेले असते तर पहिल्या दोन केमोनंतर माझं जाणं आठवड्यावर आलं असतं, हे मी स्वतःला ओळखून सांगते. संध्याकाळचा नेम होता म्हणून पाऊस असो, पाहुणे असोत, मी समोरची बेल वाजवायची. आणि प्रार्थना होती म्हणून बाईंना "बरी आहे"च्या पलीकडे काही बोलायला जागा मिळाली. ती ऐकायला कुणी बसलेलं होतं म्हणून त्यांचे पाय राहिले. कॅन्सर प्रार्थनेनं जातो असं मी म्हणत नाही, कुणी म्हणालं तर मी भांडते. पण भाऊजी आणि तुमचे मिस्टर उपयोग फक्त जगण्या-मरण्याच्या हिशेबात मोजतात आणि मधले महिने सोडून देतात. आजारी माणूस त्या महिन्यांतच राहत असतं.

तुमच्या प्रश्नाचं राहिलंच. आधी साधं काम विचारा: रिपोर्ट आणायचेत का, डबा देऊ का, दवाखान्यात सोबत येऊ का. पैशांची ओढ दिसली तर सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसणाऱ्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या तिथल्या माणसाला, भेटायला सांगा. त्या योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात, आणि लोक आधी दागिने मोडतात. ओळख झाली की विचारा, तुम्ही काय म्हणता रोज? गीता म्हणत असतील तर गीता वाचा, नमाज पढत असतील तर त्या वेळी टीव्ही बारीक करा. त्यांची श्रद्धा चालवायची, तुमची नाही.

तीर्थाबद्दल: केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी खूप खाली जातात. त्या काळात कच्च्या दुधाचं पंचामृत, उघड्यावरचा प्रसाद, हारफुलं, सर्दी झालेली मंडळी, सगळं लांब. अंगारा पोटात घ्यायला अजिबात देऊ नका. उपवास, नवस, अनवाणी चालणं सुचवू नका, त्यांनी स्वतः काढलं तर आधी डॉक्टरांना विचारा म्हणावं. अंगात १००.४ च्या वर ताप दिसला तर रात्री दोन वाजले तरी दवाखाना.

आणि हे सगळं माझ्या बाईंचं झालं. त्यांची श्रद्धा होती, मला घरात घ्यायची तयारी होती, आणि मी नोकरी करत नसल्याने संध्याकाळी मोकळी असायची. तुमच्या काकू देव मानत नसतील तर हे सगळं गुंडाळून ठेवा आणि त्यांच्यासोबत मालिका बघा. त्यांना एकटं राहायचं असेल तर मागे लागू नका, घरच्यांना न विचारता काही करू नका, आणि त्यांचं दुखणं प्रार्थनेच्या निमित्ताने सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

मिस्टरांना गाडी चालवता येत असेल तर पुढच्या केमोला काकूंना सोडायला त्यांना पाठवा. उपयोगाचं बोलणं परत आल्यावर करू म्हणावं.