घरगुती उपचार लिहून खाली 'डॉक्टरांचा सल्ला घ्या' टाकलं, तर कायद्याने सुटका होते का?

तुम्ही विचारलंय, मी गावाकडचे उपचार फुकट लिहितो, खाली ती ओळ टाकतो, तरी कोणाला अपाय झाला तर अडकेन का. हो, अडकू शकता. त्या ओळीच्या भरवशावर राहू नका.

'मी काय पैसे घेतो का बा?' हे वाक्य माझा चुलतभाऊ कधीचा माझ्या तोंडावर फेकतो, म्हणून जरा लांबवतो.

मी यवतमाळ जिल्ह्यात आरोग्य सेवक आहे. भाऊ मोबाइलवर व्हिडिओ टाकतो. त्यातला एक सापाचा. साप चावला की आधी कडुलिंबाचा पाला चावून पाहा, कडू लागला तर विष चढलं नाही, दवाखान्यात पळापळीचं काम नाही. खाली बारीक अक्षरात 'फक्त माहितीसाठी'.

पावसाळ्यात बारावीतलं एक पोरगं खाली सतरंजीवर झोपलं होतं. मध्यरात्री हाताला काहीतरी डसलं. सूज नाही, आग नाही, डास चावल्यासारखा ठिपका. मण्यार अशीच चावते, म्हणून तर ती वाईट. काकाने तोच व्हिडिओ लावला, पोराला पाला चारला. कडू लागला. सगळे निवांत झोपले. पहाटे पोटात कळा सुरू झाल्या, ओवा दिला. मग पोराच्या पापण्या उघडेनात. मायला वाटलं झोप आली, पण बोलणं नाकात यायला लागलं तेव्हा घर घाबरलं. दोघांच्या मध्ये बसवून मोटरसायकलवर आमच्याकडे आणलं. डॉक्टरांनी सापाचं इंजेक्शन सुरू करून १०८ ने जिल्ह्याला पाठवलं, तिथे व्हेंटिलेटर लागला. मण्यारीचं विष नसांच्या टोकांवर एकदा बसलं की इंजेक्शन ते मागे फिरवत नाही, पुढचं फक्त अडवतं. म्हणजे पाला चघळण्यात गेली ती वेळच औषधाची होती. पोरगं वाचलं. तक्रार कोणी केली नाही.

भावाला सांगितलं तर म्हणतो, 'मी काय चावलो का त्याले? खाली लिहेल हाय ना!'

आता कायदा. निष्काळजीपणाने मृत्यू हे भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, ५ वर्षांपर्यंत कैद. नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना तसं झालं तर २ वर्षांपर्यंत. म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्यांना सवलत नाहीच. जीव धोक्यात घालण्याचं कलम १२५ वेगळं. फी घेतली की नाही, हे यातलं कोणतंच कलम विचारत नाही. ग्राहक कायद्यात फुकटची सेवा सहसा बसत नाही, तेवढ्यापुरता भावाचा मुद्दा खरा.

पोस्ट जिथे टाकली ती कंपनी 'लोकांनी टाकलेल्या मजकुराची जबाबदारी आमची नाही' म्हणत माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ आड उभी राहील. तुम्हाला ती आड नाही.

आणि औषध सुचवत असाल, विकत असाल, तर १९५४ चा जादूई उपचार व आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा बघा. मधुमेह, कॅन्सर, लकवा, मिरगी, मोतीबिंदू, अगदी मुतखडासुद्धा त्याच्या यादीत आहे. आपल्याकडे मुतखड्यावर औषध सांगणारा प्रत्येक घरामागे एक, म्हणून मुद्दाम सांगितलं. त्यात 'जाहिरात' म्हणजे काय, तर तोंडी, प्रकाशाने, आवाजाने, धुराने केलेली घोषणासुद्धा. मोबाइल त्यातून कसा सुटेल?

साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं तर आपल्या राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सरळ गुन्हा आहे, आणि अशा गोष्टींचा प्रचारही. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं. पाला हा मंत्र नव्हे असं भाऊ म्हणेल. म्हणू दे. 'दवाखान्यात पळापळीचं काम नाही' हे कोण बोललं?

माझं मत विचाराल तर सगळी गोम याच वाक्यात आहे. आल्याचा काढा लिहा, पाणी प्या लिहा, कोणी विचारत नाही. 'खात्रीने बरा होतो' आणि 'डॉक्टरकडे जाऊ नका' ही दोन वाक्यं लिहिलीत की खालची बारीक ओळ न्यायाधीशाला दाखवून काय उपयोग? वर एक सांगायचं, खाली दुसरं, आणि लोक वरचंच ऐकणार हे तुम्हालाही ठाऊक असतं.

हे मान्य की तुमच्याच पोस्टमुळे अपाय झाला हे कोर्टात सिद्ध करणं सोपं नाही. मी वकीलही नाही. कोणाला अपाय झालाच असेल तर इथे विचारत बसू नका, तालुक्याच्या कोर्टातला वकील गाठा, आणि त्याच्याशी बोलण्याआधी जुनी पोस्ट उडवू नका, पुरावा नष्ट केला असं अंगावर येऊ शकतं. अपाय झाला नसेल तर आजच उडवा. भाऊ, हे तुलाही लागू आहे.