लाच मागितली, तर नवे कायदे कितपत कामाला येतात?

1 जुलै 2024 पासून तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले: भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम. लाचखोरीच्या तक्रारींवर त्यांचा काय परिणाम होतो, हे विचारणाऱ्या खान्देशातल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत.

भारतीय न्याय संहितेत सरकारी नोकराच्या लाचेचं कलम सापडत नाही. ते काढून टाकलं का? (अमळनेर)

नाही. ती कलमं जुन्या भारतीय दंडविधानातून 1988 मध्येच निघाली आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात गेली. नव्या संहितांनी त्या कायद्याला हात लावलेला नाही. कलम 7 खाली लाच घेणाऱ्याला किमान 3 आणि कमाल 7 वर्षं कैद. बदलली ती तपासाची आणि पुराव्याची पद्धत.

वारस नोंदीच्या फेरफारासाठी पैसे मागितले. केळी काढणीला आली होती, नाइलाजानं निम्मे देऊन बसलो. आता तक्रार केली तर मीच अडकेन का? (चोपडा)

कधी दिले, त्यावर सगळं अवलंबून आहे. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा ठरलं. पण तुम्हाला ती बळजबरीनं द्यावी लागली असेल आणि दिल्यापासून 7 दिवसांच्या आत पोलिसांना किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवलंत, तर तुमच्यावर गुन्हा होत नाही. म्हणून आजच 1064 वर फोन करा. उरलेले पैसे परस्पर देऊ नका. विभाग आधी पंचासमोर मागणीची पडताळणी करतो, मग सापळा लावतो. विभागाला कळवून, त्यांच्या मदतीसाठी दिलेल्या पैशांबद्दल तुमच्यावर गुन्हा होत नाही. मुदत उलटली असेल, तर आधी वकिलाला भेटा. पण गप्प बसू नका, ही माझी कळकळीची विनंती.

मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड केलंय. कोर्टात चालेल? पंच फितूर झाले तर? (शिरपूर)

चालेल, पण मूळ फोन जपा. रेकॉर्डिंग कापू नका, फोन विकू नका. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे आता दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं: एक फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याचं, दुसरं तज्ज्ञाचं. त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे त्या फाइलची अंकी ओळखखूण, नोंदवतात. पुढे कुणी छेडछाड केली, तर ती त्यावरून उघड होते.

सापळ्यातल्या खटल्यांना नव्या कायद्यांचा खरा आधार मिळाला तो इथेच. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती-जप्तीचं, पंचांच्या सह्यांसकट, चित्रीकरण सक्तीचं आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. पंच उलटले तरी चित्रीकरण उलटत नाही. शिवाय तक्रारदार फितूर झाला, तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून लाचेची मागणी सिद्ध होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं डिसेंबर 2022 मध्ये सांगितलं आहे.

नव्या संहितेत सरकारी नोकरावर खटला चालवायची मंजुरी 120 दिवसांत दिली नाही, तर ती मिळाल्याचं धरतात. मग लाचखोरांची प्रकरणं का अडतात? (शहादा)

ती तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 218 ची. लाचेच्या खटल्याला मात्र भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम 19 लागतं. तिथे 3 महिने आणि गरज पडल्यास आणखी 1 महिना अशी मुदत आहे, पण ती उलटली म्हणून मंजुरी मिळाल्याचं धरत नाहीत. ही मुदत पाळणं बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्येच म्हटलं; तरी फाइल अडवणाऱ्याला फारशी झळ बसत नाही. संहिता बदलताना ही फट बुजवायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. अशी प्रकरणं किती रेंगाळतात ते पाहा: जळगावच्या घरकुल (घरबांधणी) योजनेतल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात गुन्हा 2006 मध्ये नोंदला गेला आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल लागला 2019 मध्ये.

तुमच्या प्रकरणात मंजुरीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला गेला आणि आज कुणाच्या टेबलावर आहे, एवढंच माहितीच्या अधिकारात विचारा. तारीख कागदावर आली, की उच्च न्यायालयात दाद मागायला तीच उपयोगी पडते.