कॅथलिक फादर एखाद्या राजकीय पक्षात काम करू शकतात का?

नाही, कॅथलिक धर्मगुरूंना राजकीय पक्षात सक्रिय होता येत नाही आणि आमदारकी-खासदारकीसारखे सत्तेचे पदही स्वीकारता येत नाही. चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेतील कलम २८५ आणि २८७ मध्ये ही मनाई आहे, आणि तिच्यामागचे कारण मला मनापासून पटते: ज्या फादरांच्या हातून निरनिराळ्या पक्षांचे मतदार रविवारी एकाच रांगेत उभे राहून कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) घेतात, त्यांनीच एका पक्षाचा झेंडा खांद्यावर घेतला, तर बाकीच्यांनी पापनिवेदनासाठी कोणत्या विश्वासाने त्यांच्यासमोर गुडघे टेकावेत? ही संहिता येण्यापूर्वीच, १९८० मध्ये, अमेरिकी काँग्रेसचे सदस्य असलेले जेझुइट (येशूसंघ या धर्मसंघाचे) फादर रॉबर्ट ड्रायनन यांनी पोप जॉन पॉल दुसरे यांच्या आदेशानंतर पुन्हा निवडणूक लढवण्याचा विचार सोडून दिला. सार्वजनिक प्रश्नांवर बोलण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही. आपल्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी उघडपणे लढा दिला. पक्षकार्याच्या मनाईला कलम २८७ मध्येच एक अपवाद दिलेला आहे: चर्चच्या हक्कांचे रक्षण किंवा सर्वांचे हित यांसाठी ते आवश्यक आहे, असे संबंधित धर्माधिकाऱ्यांचे मत असेल, तर तशी मुभा मिळू शकते. सामान्य श्रद्धावंतांना कोणताही पक्ष निवडण्याचे स्वातंत्र्य आहे, परंतु केवळ आपल्याच राजकीय मताला चर्चचा आधार असल्याचा दावा कोणीही करू नये, असे जगभरातील कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये त्यांनाही बजावले आहे.