तिघांना एकच खेळ कशाला?

प्रश्न : ताई, आमच्याकडे दोन वर्षांचा कारवानी (शिकारी जातीचा कुत्रा), अकरा वर्षांची डॅशुंड (मागे तिची पाठ धरली होती) आणि जन्मापासून बहिरी असलेली पांढरी गावठी कुत्री आहे. मुलांना तिघांकडून एकदम ‘बस’ आणि ‘शेकहँड’ करून घ्यायचंय. कारवानी बसतच नाही, डॅशुंड सगळ्यांचा खाऊ पळवते, बहिरी नुसती बघत राहते. काय चुकतंय?
– एक वाचक, कराड

उत्तर : तिघांना एका रांगेत उभं केलंत, तिथेच गाडी अडली. माझीही अडली होती. हातात उकडलेल्या चिकनचे तुकडे घेऊन मी ‘बस!’ म्हणायचे. तोंडातून शब्द निघायच्या आत माझा कुत्रा मोत्या बसायचा. तीन पायांची चिंगी लादीवर घसरत, कंबर सावरत बसेपर्यंत माझी मूठ रिकामी. आठवड्याभरात चिकनचा वास आला की ती खाटेखाली जायला लागली.

मग तिघांना तीन गोणपाटं घाला, ज्याचं त्याला. ‘आपल्या जागेवर थांबणं’ हाच पहिला खेळ. आधी नाव, मग हुकूम. काम करणाऱ्याला एक तुकडा, थांबणाऱ्यांना दोन-दोन! तुमची चोरटी डॅशुंड या हिशेबाला लगेच भुलेल.

बहिरी नुसती बघते म्हणता? अहो, निम्मं काम झालंय. कुत्र्यांना शब्दांपेक्षा हातवारे लवकर कळतात. हवं ते केलं की त्याच क्षणी अंगठा दाखवा आणि लगेच खाऊ द्या. चार दिवसांत अंगठा म्हणजे ‘शाब्बास’ हे तिला उमगेल. झोपेत मात्र मागून हात लावू नका. दचकून चावेल, आणि दोष तिचा नसेल.

कारवानी हटवादी नाही. सडपातळ अंगाच्या शिकारी कुत्र्यांना कडक फरशीवर बसणं जड जातं. त्याला उभ्यानं करायचे खेळ द्या : तळहाताला नाक लावणं, गिरकी घेणं. तो डोळ्यानं शिकार करणारा. काठीला चिंधी बांधून अंगणात पळवलीत तर बिस्किटापेक्षा त्याला ते बक्षीस मोठं वाटेल.

डॅशुंडला मागच्या पायांवर उभं करून ‘नमस्ते’ करायला लावू नका, सोफ्यावरून उड्याही नकोत. लांब पाठीच्या या जातीत मणक्यातली चकती सरकायचं दुखणं फार. पण बिळातलं जनावर हुंगून काढायला पैदास केलेली ही जात. तीन वाट्या पालथ्या घाला, एकीखाली तुकडा ठेवा आणि तिला शोधू द्या. अकरा वर्षांची झाली तरी नाक म्हातारं झालेलं नसतं.

एका वेळी तीन-चार मिनिटं पुरे. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा, तोही रोजच्या जेवणातून वजा करून. मुलं खिशातले मनुके देतील, तेवढं बघा. कुत्र्यांना ते विषारी.

आणि वाट्या प्लॅस्टिकच्या घ्या. स्टीलची लादीवर खणखणली की कारवानी गोणपाट सोडून धावलाच म्हणून समजा.