घाटंजी-पांढरकवड्याच्या कापूस खरेदी केंद्रांचा डेटा वेअरहाऊसमध्ये (विश्लेषणासाठीच्या एकत्रित डेटाबेसमध्ये) भरतोय. टेबलं कशी लावू, कोणतं आधी लोड करू?

आधी शेतकरी, गाव, केंद्र, तारीख ही डायमेन्शन (कोण, कुठे, कधी ही माहिती ठेवणारी) टेबलं भरा, खरेदीचं फॅक्ट (प्रत्यक्ष व्यवहारांच्या नोंदींचं) टेबल सगळ्यात शेवटी. फॅक्टमध्ये एका काटापावतीला एकच ओळ. डायमेन्शनची की (ओळीचा ओळख क्रमांक) तयार नसेल तर पावती जोडायची कुठे? रेडशिफ्ट, बिगक्वेरी ही वेअरहाऊसं फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारी की) नुसती लिहून घेतात, तपासत नाहीत. त्यामुळे क्रम तुम्हीच सांभाळायचा. हेच काम रोज करतो म्हणून सांगतो, खरा घोळ गावांच्या नावात होतो. वडगाव, पिंपरी तालुक्या-तालुक्यात सापडतात, म्हणून जोडणी नावावर नको, 2011 च्या जनगणनेच्या सहा अंकी गाव-कोडवर करा. तारखेच्या टेबलात हंगामाचा वेगळा कॉलम ठेवा, कारण कापूस वर्ष 1 ऑक्टोबर ते 30 सप्टेंबर धरतात.

लोडचा क्रम:
- केंद्राची फाइल जशीच्या तशी स्टेजिंगमध्ये (कच्च्या डेटाच्या तात्पुरत्या टेबलात)
- डायमेन्शन (ही एकमेकांवर अवलंबून नसतील तर सोबत चालू द्या)
- फॅक्ट: त्या केंद्राच्या त्या दिवसाच्या ओळी काढून पुन्हा भरा. लाइन गेली अन् लोड अर्ध्यात तुटून परत चालवला तरी पावत्या दुप्पट होत नाहीत.

शेतकऱ्याची नोंद मागाहून येत असेल तर मात्र पावती अडवू नका, ‘अज्ञात’ ओळीला जोडा आणि नंतर दुरुस्त करा.