चुलीवरची एन्चिलाडा

प्रश्न : काकू, दिवाळीला पुण्याहून दीर-जाऊ येतायत. जाऊबाईंना चिकन एन्चिलाडा खायची आहे, दीर म्हणतात सोबत वाईन पाहिजे. माझ्याकडे ओव्हन नाही, आणि सासूबाई कोंबडी आवारातल्या चुलीवरच शिजू देतात. मक्याच्या पिठाच्या भाकरी करून पाहिल्या, तर गुंडाळताना तुकडे पडले. कसं करू?
– एक वाचक, भिवापूर तालुका, जि. नागपूर

उत्तर : ओव्हनचं मनाला लावून घेऊ नको. वर पिवळं चीज पसरून भाजायची तऱ्हा टेक्सासकडची. मेक्सिकोत मक्याची पोळी, म्हणजे टॉर्टिया, गरम तेलातून काढतात, मिरचीच्या रश्शात बुडवतात, कोंबडी भरून गुंडाळतात आणि तिथल्या तिथे खातात. एन्चिलाडाचा अर्थच मुळी ‘मिरची लावलेली’. तुझी चूल बास आहे.

भाकरी मोडते, कारण तिकडे मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, धुतात आणि मग वाटतात. चुन्यानं साल सुटतं, पिठाला धर येतो. मीही एकदा हौसेनं १ किलो मक्याला १० ग्रॅम खायचा चुना घालून हे केलं होतं. मिक्सर इतका तापला की जळका वास सुटला, उरलेला मका पाट्यावर वाटत बसले. दुसऱ्या दिवशी दंड उचलेना. दिवाळीच्या धांदलीत तू त्या भानगडीत पडू नको. मक्याचं पीठ आणि कणीक निम्मं-निम्मं घे, कढत पाण्यात मळ, वीतभर पोळ्या लाटून भाज आणि फडक्यात गुंडाळून ठेव.

आता रस्सा. भिवापूरची मिरची दारात आहे म्हणून सगळी तीच घालशील, तर जाऊबाई पाण्याचा तांब्या सोडणार नाहीत. तिकडच्या आंचो, ग्वाहियो या वाळल्या मिरच्या तिखटापेक्षा रंगाला आणि चवीला असतात. म्हणून ८ ब्याडगी आणि २ भिवापुरी. बिया काढ, तव्यावर नुसत्या शेकव. काळी पडली की रस्सा कडू झालाच म्हणून समज. गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून २ टमाटे, अर्धा कांदा, ४ लसूणपाकळ्या, अर्धा चमचा जिरं घालून वाट, गाळ, आणि तेलात रंग गडद होईस्तोवर परत. खोबरं, खसखस, गरम मसाला यांच्याकडे हात गेला तर आवर, नाहीतर त्याचा सावजी होईल. (सावजीशी माझं वैर नाही. पण त्या दिवशी नको.)

कोंबडी ब्रॉयलर चालेल, अर्धा किलो. मीठ-कांदा घालून उकड, हातानं रेषा सोडव. उकडलेलं पाणी रश्शात घाल. गावरान घेशील तर शिजायला वेळ धर.

पोळी आधी तेलातून काढायची, मग रश्शात. हा क्रम चुकवू नको, तेलामुळे ती रश्शात विरघळत नाही. वर घरचं पनीर मीठ लावून कुस्करून टाक, बारीक कांदा आणि दह्यावरची साय. पाहुणे पाटावर बसल्यावरच भर. आधी करून झाकून ठेवलीस तर लगदा होतो.

वाईनचं म्हणशील तर लाल नको. तिच्या तुरटपणानं तिखट आणखी झोंबतं. नाशिककडची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन घ्यायला सांग, किंचित गोडसर असलेली. बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत २० मिनिटं बुडवून ठेवली की झालं. आणि दिरांना आधीच कळव, बाटली पुण्याहून आणू नका. रेल्वेनं या की समृद्धीनं, वाटेत वर्धा जिल्हा लागतो आणि तिथे दारूबंदी आहे. नागपुरात उतरल्यावर घ्या म्हणावं. सासूबाईंसाठी ताक घुसळून ठेव, आणि त्यांच्या पोळ्यांत कोंबडीऐवजी बटाटा भर, तोही घरातल्या गॅसवर, वेगळ्या तव्यावर.